कवळीवाल्यांचं अंडं

माझ्या सासऱ्यांना आमच्या भागात सगळे कवळीवाले म्हणतात. ते दात काढत नाहीत, बसवतही नाहीत, ते काम डॉक्टरांचं. डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेतात, तो आमच्याकडे येतो आणि त्यावरून सासरे कवळी करतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. बाजारातून जाताना ते लोकांच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात, आणि घरी येऊन सांगतात की अमक्याचा वरच्या ओळीतला चौथा दात आपण जरा जास्तच पांढरा केला, आता बघवत नाही. समोरच्याला वाटतं म्हातारा आपल्याला ओळख देतोय. म्हातारा आपलं काम तपासत असतो.

माणूस भला आहे, पण एक खोड आहे. त्यांना फट बघवत नाही. कुठे काही सुटलेलं, पडलेलं, रिकामं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. कंगव्याचा दात तुटला तर कंगवा टाकून द्यायचा असतो, हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आमच्या घरात हिरडीच्या मसाल्याचा एकेक गुलाबी दात असलेले तीन कंगवे आहेत. शेजाऱ्यांच्या कुंपणाची एक फळी पडली होती, तर हे एका दुपारी, शेजारी घरी नसताना, नवी फळी ठोकून आले. त्या फटीतून शेजाऱ्यांचं मांजर ये-जा करायचं. त्याने पुढे महिनाभर आमच्या पायरीवर बसून आम्हाला शिव्या दिल्या.

मी ह्या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी एका कचेरीत ह्या टेबलावरचे कागद त्या टेबलावर नेत होते. एक दिवस सासऱ्यांनी मला सुईत दोरा ओवताना पाहिलं. एका झटक्यात गेला. मेण कोरायला शिकशील का, म्हणाले. मी म्हटलं, शिकवाल तर शिकेन. त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना चांगलं रडवलंही. घरात ते मला 'तू' म्हणतात आणि कामाच्या खोलीत 'तुम्ही', आणि त्या 'तुम्ही'चा अर्थ एवढाच की आता तुमची धडगत नाही. केसाएवढा दात कलला तरी कवळी माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा करा." ह्या दोन शब्दांवर मी नऊ वर्षं काढली.

कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. दोन टेबलं, पॉलिशचं चाक, मेण वितळवायची छोटी ज्योत, प्लास्टरचं पोतं, आणि तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर डब्या. प्रत्येक कामाला एक नंबर आणि त्या नंबराची एक डबी, तिच्यात त्या माणसाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. माणूस मरून गेला तरी सासरे डबी टाकत नाहीत. टेबलावर एक जाड वही असते. तिच्यात नंबर, कोणाचं काम, दाताचा रंग, तारीख, आणि शेवटी दोन रकाने: 'काम मिळालं', तिथे घेणाऱ्याची सही, आणि 'शेरा'. शेऱ्यात बहुतेकदा 'ठीक' येतं. वर्षातून एखाद्या वेळी 'पुन्हा करा' येतं, आणि त्या दिवशी सासरे जेवत नाहीत.

आता अंड्यांकडे येते. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून सगळे अंडी रंगवायला बसतात. ही रीत सासूबाईंनी माहेराहून आणली. प्रत्येकाने एकच अंडं करायचं. दोन्ही टोकांना भोक पाडून, फुंकून आतलं वाडग्यात काढायचं (पुढचे दोन दिवस ऑम्लेटचे), मग कवच धुऊन वाळवायचं आणि ज्याला जे सुचेल ते त्यावर करायचं. झालेलं अंडं बैठकीच्या काचेच्या कपाटात जातं. त्या कपाटाकडे बघितलं की कोणतं अंडं कोणाचं ते न सांगता कळतं.

सासूबाईंनी तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. त्या अंड्यावर रंगीत दोरा गुंडाळतात, डिंकाचं बोट फिरवून, वळसा वळशाला चिकटून, आणि शेवटचं टोक कुठे दडवलंय ते शोधून दाखवणाऱ्याचं नाव राजा. मी मेणाने रेघा काढते, रंगात बुडवते, मग मेण पुसते, की रेघांच्या जागी पांढरं उरतं. माझी आठ वर्षांची मुलगी, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, अंड्याला गोंद फासून हाताला लागेल ते चिकटवते. गेल्या वर्षी पेन्सिलीच्या सालींचे पंख लावले होते, आणि खरंच सुंदर दिसत होते. सासरे दात कोरायच्या बारीक यंत्राने कवचाला जाळी पाडतात. आणि माझा नवरा अंडं रंगात बुडवतो आणि बाहेर काढतो. झालं. ह्याला तो साधेपणा म्हणतो.

कपाटाच्या मधोमध, एका वाटीत कापसावर, सासूबाईंच्या आईचं अंडं असायचं. साठ वर्षांपूर्वीचं. कांद्याच्या सालींच्या रंगात काढलेलं, तांबूस तपकिरी, आणि त्यावर एका बारीक डहाळीचा फिका ठसा. मधली काडी, तिच्या दोन्ही बाजूंना नखाएवढी पानं. अंड्यावर डहाळी ठेवायची, वरून पातळ कापड घट्ट बांधायचं आणि कोमट रंगात बुडवून ठेवायचं, की डहाळीखालची जागा कोरी राहते, अशी ती पद्धत. सासूबाई सहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईने ते केलं होतं. त्याला सासूबाईंखेरीज कोणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. वर्षातून एकदा त्या ते बाहेर काढायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या, जरा वेळ बघायच्या आणि परत ठेवायच्या. सासरे तेव्हा शेजारी उभे असायचे. मला वाटायचं, किती आदर आहे.

ह्या वर्षी ईस्टरच्या आठवडाभर आधी भिंगरीला शाळेत शिकवलं की अंड्याच्या कवचातून उजेड आरपार जातो. झालं, हातात टॉर्च आली. तिने मधलं सोडून कपाटातली अंडी एकेक काढून टॉर्चवर धरली. दोऱ्याचं अंडं मंद, माझं रेघारेघांचं, आजोबांच्या जाळीतून भिंतीवर ठिपके. मग तिने जाहीर केलं की ह्या वर्षी आपण बारक्या दिव्यांची माळ आणायची, प्रत्येक दिव्यावर एक अंडं बसवायचं आणि माळ खिडकीत लावायची. अंड्याचं भोक दिव्याएवढं मोठं करायला आजोबांचं यंत्र आहेच. सगळ्यांना कल्पना आवडली. माझ्या नवऱ्यालाही, कारण त्यात त्याला काही करायचं नव्हतं.

सासूबाई हातातलं दोऱ्याचं रीळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "मग मधल्या दिव्यावर माझ्या आईचं लावू. कापसात बसून बसून कंटाळलं असेल. त्यालाही जरा उजेड बघू दे."

सासऱ्यांचा हात चहाच्या कपावर थांबला. ते म्हणाले, जुनं कवच आहे, दिव्याच्या उष्णतेने तडकेल. माझा नवरा म्हणाला, हे दिवे तापत नाहीत. ते म्हणाले, भोक मोठं करताना फुटेल. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या हातून? चाळीस वर्षांत फुटलं नाही काही. मग ते म्हणाले, वायर जुनी निघाली तर आग लागते. माळ अजून विकतसुद्धा आणली नव्हती. एवढं बोलून ते उठून कामाच्या खोलीत गेले, आणि रात्री त्यांनी भाजीकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर ज्योत पेटलेली नव्हती. सासरे स्टुलावर बसले होते आणि समोर वही उघडी होती, बावीस वर्षांपूर्वीची. ते म्हणाले, "तुला एक सांगायचंय." कामाच्या खोलीत त्यांनी मला 'तू' म्हटलं.

बावीस वर्षांपूर्वी सासूबाईंची आई गेली. सासूबाई मुलाला घेऊन माहेरी गेल्या आणि नऊ दिवस तिकडे होत्या. सासऱ्यांना वाटलं, दुःखात परत येईल, तिच्यासाठी काहीतरी करून ठेवावं. कपाटाच्या काचेला एका कोपऱ्यात फट होती. नवी काच बसवायला त्यांनी कपाट जरा पुढे ओढलं. वाटी कलंडली. एवढंच झालं. फरशीवर पडताना त्याचा आवाजसुद्धा आला नाही, म्हणाले.

"आई गेली होती तिची," ते म्हणाले, "आणि आईने केलेली तेवढी एकच वस्तू घरात होती. दार उघडून ती पहिल्यांदा कपाटापाशीच जाणार, हे मला माहीत होतं. काय सांगणार होतो मी?"

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येतं. कोंबडीच्या अंड्यावरून प्लास्टरचा साचा केला. दाताचा मसाला, म्हणजे कवळीचे दात ज्याचे करतात तो, घेतला, पातळ थापून दोन अर्ध्या वाट्या केल्या, जोडल्या, घासल्या, चकाकी मारून टाकली. कवळीच्या हिरडीवर शिरा रंगवायच्या ब्रशाने कांद्याच्या सालीचा रंग चढवला आणि डहाळी काढली. सासूबाई ज्या दिवशी परत आल्या, त्या सकाळी ते वाटीत जाऊन बसलं. आणि सवयीने माणूस काय करेल सांगता येत नाही, त्यांनी वहीत त्याची नोंद केली होती. नंबर होता. 'कोणाचं काम' ह्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरचं'. तारीख होती. 'काम मिळालं' आणि 'शेरा' कोरे. बावीस वर्षांचे कोरे.

त्या नंबराची डबीही होती, सगळ्यात वरच्या फळीवर, मागे. तिच्यात कापसात अंड्याचे तुकडे होते.

मला राग आला. खरंच सांगते, इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. केसाएवढ्या फरकासाठी ज्यांनी मला नऊ वर्षं रडवलं, ते बावीस वर्षं बायकोला दाताचा मसाला पुसायला देत होते. मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीला शोभतं. ते म्हणाले, खरी अडचण उजेडाची आहे. त्यांनी मसाल्यात पांढरा रंग भरपूर घातला होता, आतलं दिसू नये म्हणून. त्यातून उजेड जाणार नव्हता. शनिवारी माळ लागणार, सगळी अंडी उजळणार आणि मधलं काळं राहणार. नातीसमोर, मुलासमोर, सगळ्यांसमोर बायकोला कळणार की आपली आईची आठवण खोटी, आणि नवऱ्याने एवढी वर्षं ते गिळून ठेवलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून घाबरला होता. राग होता, पण ते बघवेना.

मी सांगितलं, आजच सांगून टाका. ते म्हणाले, जमणार नाही. मी म्हटलं, मग? ते वहीकडे बघत म्हणाले, "पुन्हा करावं लागेल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ॲप्रन बांधला.

चार दिवस आम्ही डॉक्टरांची कामं बाजूला सारली. दाताच्या टोकाला जरा पारदर्शक मसाला वापरतात, खऱ्या दाताच्या टोकातून थोडा उजेड जातो म्हणून. त्याचं कवच करायचं ठरलं, कागदाएवढं पातळ. पहिली दोन फुटली. तिसरं जमलं. रंगासाठी आम्ही डबीतले तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि भिंगातून बघत जुळवले. दोन-तीन तुकड्यांची पूड झाली होती. एका तुकड्यावर काडीच्या डाव्या बाजूला एका पानाची जागा नुसती तपकिरी होती. सासरे म्हणाले, इथलं पुसलं गेलंय. मलाही तसंच दिसलं. बाकीच्या पानांवरून अंतर मोजून मी ते पान काढलं, माझ्या हाताने, आणि सासऱ्यांनी भिंगातून बघून मान हलवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते 'पुन्हा करा' म्हणाले नाहीत. लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला.

टॉर्चवर धरलं तर अंडं उजळलं. खरंच, खऱ्यासारखं.

बेत असा होता की शनिवारी सगळे आपापल्या अंड्यांत गुंतले की सासऱ्यांनी कपाटापाशी जायचं आणि वाटीतलं जुनं खोटं काढून नवं खोटं ठेवायचं. नवं त्यांच्या कोटाच्या खिशात होतं, दात पाठवायच्या डबीत.

शनिवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली गेली. भिंगरीने पातळ रंगीत कागदाचे तुकडे फाडून ओल्या अंड्यावर चिकटवले, आणि एकावर एक कागद आला तिथे तिसराच रंग निघाला. तिने ते सगळ्यांना तीनदा दाखवलं. नवऱ्याने अंडं बुडवलं आणि बाहेर काढलं. सासूबाईंचा दोरा ह्या वर्षी निळा होता, आणि त्या वळशावळशात बारीक फट ठेवत होत्या, उजेड बाहेर यावा म्हणून. सासरे आपल्या अंड्याला जाळी पाडत होते. एरवी त्यांचा हात दगडासारखा स्थिर असतो. त्या दिवशी दोन अंडी फुटली. भिंगरी म्हणाली, आजोबा, तुम्ही आज बाबांसारखं करताय.

मी त्यांना दोनदा डोळ्यांनी खुणावलं, जा आता. ते उठले नाहीत. खिशावर हात ठेवून बसून राहिले. मग सासूबाई उठल्या, हात धुतले, कपाटातून वाटी घेऊन आल्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. भिंगरीने टॉर्च लावली. माझी दातखिळी बसली.

"थांब," सासरे म्हणाले. भिंगरी थांबली. ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, "ते खोटं आहे. तुझ्या आईचं माझ्या हातून फुटलं. तू तिकडे गेली होतीस तेव्हा. हे मी केलंय." मग त्यांनी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. "आणि हे आणखी एक. ह्यातून उजेड जातो. ते आता बदलणार होतो."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचत होते.

सासूबाईंनी डबी उघडली. नवं अंडं उचलून चष्म्याजवळ नेलं, फिरवलं, आणि पहिल्यांदा त्या हसल्या. हसल्या म्हणजे खांदे हलेपर्यंत. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"तुम्ही पुन्हा बसवलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या डहाळीला डावीकडचं तिसरं पान नव्हतं. उजवीकडे सहा, डावीकडे पाच. आईने डहाळी मला धरायला दिली होती आणि मी त्यातलं एक पान तोडलं. ती म्हणाली, असू दे, ह्यावरून कळेल हे कुणाचं अंडं ते. मी माहेराहून आले, कपाट उघडलं, बघते तर सहा आणि सहा. जगात कोणालाही जमलं असतं ते पाच ठेवायला. कवळीवाल्याला नाही जमलं."

भिंगरीने हळूच टॉर्च बंद केली.

मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा ते रडतील. सासूबाई बोलत राहिल्या, साध्या आवाजात, जणू वर्गातल्या मुलीला काज कसं करायचं ते सांगतायत. पहिलं वर्ष त्यांना फार राग होता, म्हणाल्या. आई गेली, आईचं अंडं गेलं, आणि वर हा माणूस मला वेडी समजतो. मुद्दाम काही बोलल्या नाहीत, म्हटलं बघू कधी सांगतो. पुढच्या ईस्टरला त्यांनी ते पुसायला काढलं आणि सहज शेजारी बघितलं. सासरे श्वास रोखून उभे होते. त्या पुसत होत्या तोवर त्यांनी श्वास घेतला नाही. तिसऱ्या वर्षीही तेच. "तेव्हा माझा राग गेला," त्या म्हणाल्या. "मला कळलं की ह्या माणसाला माझं दुःख माझ्याइतकंच लागतं. फक्त त्याला बोलता येत नाही, बसवता येतं. मग मी दर वर्षी ते अंडं तेवढ्याचसाठी काढायचे. तुम्हाला बघायला."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, न लपवता. बावीस वर्षं का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि त्या म्हणाल्या, हा प्रश्न तुम्ही मला विचारताय? मग म्हणाल्या की आता दोघांचं वय झालं, हे असंच वर घेऊन जायचं का, म्हणून तर म्हटलं, मधल्या दिव्यावर लावू.

मग त्यांनी विचारलं, "तुकडे कुठे आहेत? तुम्ही टाकले नसणार."

सासरे उठून गेले आणि डबी घेऊन आले. सासूबाईंनी ती उघडली आणि तुकडे एकेक करून तळहातावर घेतले. डाव्या बाजूची कोरी जागा त्यांना लगेच सापडली. त्यांनी त्यावर बोटाचं टोक ठेवलं आणि मग मात्र त्यांचे डोळे भरून आले. भिंगरीने विचारलं, आजी, लावू का आता टॉर्च? त्यांनी मान हलवली. भिंगरीने तुकड्यामागे टॉर्च धरली. साठ वर्षांपूर्वीच्या कांद्याचा रंग मधासारखा उजळला, आणि त्यात डावीकडची पाच पानं दिसली.

उरलेला दिवस टेबलावरून कोणी उठलं नाही. पोकळ केलेल्या एका नव्या, पांढऱ्या अंड्यावर आम्ही जुने तुकडे बसवायला घेतले. चिमट्याने मी उचलायचे, सासूबाई जागा सांगायच्या, भिंगरी डिंकाचा ठिपका द्यायची. नवऱ्याला लांब बसवून ऑम्लेट करायला सांगितलं, आणि त्याने ती चांगली केली. जिथे पूड झाली होती तिथे खालचं पांढरं तसंच राहिलं. सासऱ्यांना ते बघवत नव्हतं. ते दर पाच मिनिटांनी वाकून म्हणायचे, इथे जरासा रंग देऊ का, अगदी जरासा. शेवटी सासूबाईंनी त्यांना हात मांडीखाली ठेवून बसायला सांगितलं. ते तसे बसले, आणि बराच वेळ बसले. एवढी शिस्त मी त्यांच्यात आधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी माळ खिडकीत लागली. मधोमध ते तुकड्यांचं अंडं, एका बाजूला भिंगरीचं, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचं निळ्या वळशांचं. नवीन खोटं अंडंही भिंगरीने हट्टाने एका दिव्यावर बसवलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांतल्या एकाच्या हसण्याकडे बघून सासरे पुटपुटले, खालची ओळ माझीच.

जुनं खोटं अंडं, बावीस वर्षांचं, टेबलावरच राहिलं होतं. भिंगरीने विचारलं, आता ह्याचं काय करायचं? सासरे म्हणाले, टाकून दे. सासूबाईंनी ते उचललं, फडक्याने पुसलं आणि परत वाटीत, कापसावर ठेवलं. मग वाटी कपाटाच्या मधोमध गेली. कायदा तोच आहे, म्हणाल्या, कोणी हात लावायचा नाही.

सोमवारी मी कामाच्या खोलीत लवकर गेले. चार दिवसांची कामं तुंबली होती आणि डॉक्टरांचे निरोप आले होते. टेबलावर ती बावीस वर्षांपूर्वीची वही अजून उघडीच होती. मिटायला गेले तर 'काम मिळालं' ह्या रकान्यात सासूबाईंची सही होती, शनिवारची तारीख घालून. पुढे 'शेरा' ह्या रकान्यात, शिवणाच्या टाक्यासारख्या त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एक पान जास्त आहे. पुन्हा करू नये.'